मी एकटाच होतो

ही २०२३ सालची गोष्ट. मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून मराठवाड्यात गावोगावी स्मारकाचे दगड बसत होते.

माझ्या वडिलांचं, दत्तोपंत अण्णांचं, एक वाक्य पाचोडच्या शाळेच्या भिंतीवर आहे. लोकमान्यांच्या जन्मसिद्ध हक्काच्या शेजारी, त्याच निळ्या रंगात: "मी एकटाच होतो." टेलिग्राफच्या तारा तोडल्या म्हणून निजामाच्या पोलिसांनी त्यांना धरलं, हर्सूलच्या तुरुंगात मारलं, सोबत कोण होतं ते विचारलं. कोवळ्या वयातले अण्णा तेवढंच म्हणत राहिले. पोरं ते सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, मुठी आवळून म्हणतात.

पण अण्णा एकटे नव्हते. सोबत पुंडलिक होता, गावकुसाबाहेरचा, अण्णांच्याच वयाचा. आई आम्हाला हे सांगायची. निजाम गेला तरी अण्णांनी ते वाक्य चारचौघांत कधी दुरुस्त केलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुंडलिकच म्हणाला, राहू दे." तो खरंच तसं म्हणाला, की अण्णांना ते सोयीचं वाटलं, मला आजही सांगता येत नाही.

पुंडलिक कधीच वारला होता. त्याच्या बायकोची, लीलाबाईंची, एकच इच्छा उरली होती: दगडावर त्याचं नाव यावं. स्मारक समितीत माझा भाचा श्रीरंग होता. तो मला म्हणाला, "मावशी, तुझं ऐकीव झालं. आजोबांनी स्वतः सांगितलं तरच कोरणार. परवा पाथरवट अक्षरं कोरायला घेतोय."

माझा जीव टांगणीला लागला. अण्णांना नातवंडांची नावं आठवेनाशी झाली होती. कधी मला आपली बहीण समजत, कधी आमच्या घरालाच हर्सूलचा तुरुंग समजत. सकाळी चहानंतर थोडा वेळ मात्र बरा जाई.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेलाच सगळ्यांना बोलावलं. श्रीरंगने मोबाइल समोर धरला. लीलाबाई नातवाला, अभयला, घेऊन आल्या. अभय पोलिसात. गणपतीच्या बंदोबस्तावरून थेट आलेला, खाकी वर्दीतच. माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्यानेच वाकून मायेनं विचारलं, "आजोबा, तारा तोडल्या तव्हा संगं कोन होतं?"

अण्णांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी एकटाच होतो."

"घ्या," श्रीरंग म्हणाला. "रेकॉर्डिंग मात्र झकास आलंय."

अभयने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. "आरं देवा, वर्दी!" तो बाहेर जाऊन शर्ट काढून बनियनवर आला. पण आता उपयोग नव्हता. अण्णा भिंतीकडे बघत पुटपुटत होते, "मारा. किती मारता ते मारा."

आज ते असेच मिटून राहिले, तर उद्या छिन्नी चालणार. आणि एकदम अण्णांनीच सांगितलेला त्यांच्या चळवळीचा एक नियम आठवला. माणूस निजामाची हद्द ओलांडून शेवगावला सुखरूप पोचला, की मगच त्याचं नाव तोंडातून काढायचं. आणि तो निरोपही त्याच्या घरच्या बाईनेच आणायचा, कारण पुरुष खबऱ्या निघू शकतो. मी लीलाबाईंच्या कानात ते सांगितलं.

त्या पुढे सरकल्या. "दत्तूभाऊ, ते हद्द वलांडून गेले. शेवगावला पोचले."

अण्णांनी मान वळवली. "ते कोण?"

लीलाबाईंनी अभयकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "ह्या अभयचे आजोबा."

"अभय कोण? मी नाही ओळखत."

"आजी, नाव घे की!" अभय कळवळून म्हणाला.

लग्न झाल्यापासून त्या बाईने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तो गेल्यावरही नाही. त्यांनी पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली सोडला.

"पुंडलिक," त्या म्हणाल्या. "पुंडलिक पोचला, भाऊ."

अण्णांची बोटं सुटली.

"पोचला? मग काय! तार त्यानंच तोडली. मी कुठला खांबावर चढतोय? मी खाली कंदील धरून लटलट कापत होतो." ते हसायला लागले. "वरून मला म्हणतो, 'बामना, कंदील तरी सरळ धर!'"

दगडावर पुंडलिकचं नाव आधी आलं, अण्णांचं खाली. श्रीरंग आता भाषणांत सांगतो, हे सगळं आपणच शोधून काढलं. सांगू दे. अभयची बदली पैठणला झाली. इकडे आला की भेटून जातो, पण वर्दीत नाही. अण्णा त्याच हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत रोज सकाळी विचारायचे, "पोचला ना?" मी म्हणायचे, "पोचला."

शाळेची भिंत पुन्हा रंगवायला काढली, तेव्हा मास्तर लीलाबाईंना विचारायला गेले, ते वाक्य पुसायचं का?

"नगं," त्या म्हणाल्या. "त्याच्यामुळंच माजा पुंडलिक वाचला."