दुपारच्या प्रदक्षिणा

निळं राहिलं तर माणूस राहतो, विटकरी झालं तर माणूस जातो. गोदावरीबाईंना त्या काचेच्या नळीचं शास्त्र एवढंच कळलं होतं. अकोल्याचे डॉक्टर इनायतुल्ला नळीत निळं औषध घेत, त्यात बाईंच्या नवऱ्याच्या, कीर्तनकार चिंतामणबुवांच्या लघवीचे थेंब टाकत आणि नळी दिव्यावर धरत. पहिल्या दिवशी निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता भाजल्या विटेसारखा लाल गाळ तळाशी बसला.

"बुवा, अंगातून साखर वाहून राहिली तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "याच्यावर औषध मुंबईत नाही, विलायतेतही नाही. इलाज एकच. खाणं तोडा, उपास करा, चाला. वजन उतरलं तर साखर उतरेल."

जर्मनची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती, आणि डॉक्टर म्हणाले ते तेव्हा खरंच होतं.

बुवा हसले. त्यांचं आधी पोट हसे, मग तोंड. "उपासाचं मला सांगता? दोन एकादश्या, सोमवार, संकष्टी. वऱ्हाडात माझ्याएवढे उपास कोणी केले असतील?"

"अन् उपासाला खाता काय?"

उत्तर गोदावरीबाईंनी दिलं. "भगर, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. आणि आटवलेलं दूध."

"बाई, हा उपास तर आमच्या ईदेले भारी आहे," डॉक्टर म्हणाले, आणि तिघेही हसले. मग त्यांनी नीट समजावलं. एक दिवस नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी उकडलेली पालेभाजी आणि पातळ ताक. भात नाही, गूळ नाही, कीर्तनानंतरचं यजमानाचं ताट तर नाहीच नाही.

उठता उठता डॉक्टर खाली वाकले. "पाय दाखवा जरा."

बुवांनी झटकन पाय धोतराखाली ओढून घेतले. "छे, छे! तुमच्यासारख्या विद्वानानं माझ्या पायाला हात लावायचा? कीर्तनाच्या गादीवर उभा असतो तेव्हा लोक लावतात, तो नमस्कार नारदमुनींना असतो. एरवी मी कोण?"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग भल्या माणसाला संकोचात कशाला पाडायचं म्हणून सोडून दिलं.

गोदावरीबाईंच्या पोटी मूल नव्हतं. तीस वर्षं त्या बायकांच्या बाजूला खांबाला टेकून या माणसाचं कीर्तन ऐकत आल्या होत्या. घरात तो भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरे, आणि गादीवर उभा राहिला की त्याच तोंडातून असं काही निघे की घरी जाऊन पुन्हा त्याच्यासाठी भाजी करावीशी वाटे. त्यांना नळी निळी हवी होती. दुसरं देवाजवळ मागणं उरलंच नव्हतं.

बुवांनी उपास मनावर घेतले. यजमानाच्या ताटाला हात जोडून ते उठू लागले, आणि अकोल्यातल्या गृहिणी रुसू लागल्या. भुकेनं पार कासावीस झाले की ते ओसरीवर बसत आणि नाक वर करत.

"शेजारी आज काय आहे गं?"

"मला काय माहीत."

"वरणफळं आहेत. लसणाच्या फोडणीवरून कळतंय. तूप मात्र कमी पडलंय त्यांना."

"तुम्ही देवाचं नाव घ्या."

"त्याचंच घेतो आहे. मध्ये मध्ये वरणफळं येतात."

चालण्याचं मात्र जमेना. सकाळी मोर्णेच्या काठानं निघाले तर एकजण म्हणाला, "हत्ती निघाला, अंबारी कुठं राहिली?" बुवा तिथूनच मागे फिरले. हजार माणसांपुढे नाचणारा माणूस, पण पोटावर बोललं की लहान होई. शेवटी त्यांनीच तोड काढली. दुपारची आरती आटोपली की विठोबाच्या देवळात चिटपाखरू नसतं. तेव्हा प्रदक्षिणा घालायच्या. चालणं होईल, नाव घेणं होईल, आणि हसायला कोणी नाही. देवळात वहाणा घालायचा प्रश्नच नव्हता.

चैत्र लागला होता. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटायचं नाही. देवळाभोवतीची काळी फरशी दुपारी तव्यासारखी होई.

एक दिवस देवळाचा गुरव सहदेव ओसरीशी येऊन उभा राहिला. "बाई, बुवा काय मंत्र म्हणून राहिले काय? आमी आरती झाली का सावलीत पळतो. अन् हे बागेत फिरल्यावानी फिरून राहिले. पाय कावून पोळत नाई त्यायचे?"

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई जाऊन सभामंडपाच्या सावलीत उभ्या राहिल्या. उन्हानं डोळे मिटत होते. बुवा हात जोडून, ओठ हलवत, सावकाश चालत होते. त्यांनी ना पाय चटकन उचलला, ना पाऊल लांब टाकलं.

घरी आल्यावर बुवा ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "खरं सांगू? मला काही लागतच नाही. पहिल्या दिवशी भीत भीत पाय टाकला. वाटलं, कुणी फुलं अंथरून ठेवली आहेत." त्यांचे डोळे भरून आले. "एवढा मी कोण गं?"

गोदावरीबाई त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या, तर त्यांनी मध्येच धरलं. गेल्या वर्षी चालता चालता बुवांची वहाण निसटून मागे राहिली होती आणि घर येईपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. लोक म्हणाले होते, बुवांना देहभान नाही. त्या दोघांनाही आता तेच आठवलं, आणि दोघांनीही त्याचा तोच अर्थ लावला.

वैशाख लागला. बुवांची बाराबंदी अंगावर लोंबू लागली. गोदावरीबाईंनी बंद आत घेऊन शिवले, पुन्हा उसवून आणखी आत घेतले. ओसरीवर बुवांच्या पावलांचे ओलसर, काळपट ठसे उमटत. देवळातलं समईचं तेल लागलं असेल म्हणून त्या राख टाकून पुसून काढत. आणि एका सकाळी डॉक्टरांच्या दिव्यावर ती नळी उकळली, निळी राहिली, थंड झाली तरी निळीच राहिली.

"सुभानल्ला," डॉक्टर म्हणाले. "बुवा, तुमी तर मलेच खोटं पाडलं. मी एवढी आशा धरली नव्हती."

नृसिंहजयंतीला अमरावतीचं बोलावणं होतं, बापूसाहेब वकिलांच्या घरी. बडनेऱ्याला गाडी बदलून दोघं गेली. बुवांनी आगीत बसवलेल्या बालभक्ताचं आख्यान लावलं. आवाज अंगासारखा हलका झाला होता, वर जाई आणि वरच राही. ज्वाला थंड झाल्याचं सांगता सांगता ते थांबले. म्हणाले, "फार जुनी गोष्ट कशाला? आपल्याच वऱ्हाडात एक खादाड म्हातारा आहे. त्याच्याही पायाखालची आग देवानं काढून घेतली." झांजवाला झांज वाजवायची विसरला. बायकांत पदर डोळ्यांना लागले. गोदावरीबाईंना त्या घटकेला वाटलं, एवढ्यावर जन्म संपला तरी चालेल.

आरती झाली आणि लोक पायांवर येऊ लागले. वकिलांची सून सिंधू वाकली, दोन्ही पायांना हात लावून डोळ्यांकडे नेला आणि हात मध्येच थांबला. तिनं बोटांकडे पाहिलं. मग हात पदरात लपवून ती गोदावरीबाईंजवळ आली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "बुवांच्या पायाले काय झालं?"

तिच्या बोटांना वास येत होता.

मागच्या खोलीत गोदावरीबाईंनी बुवांना पाटावर बसवलं आणि पाय परातीत घेतले. तळव्यांची कातडी पांढरी होऊन फुगून सुटली होती. उजव्या अंगठ्याखाली भोक होतं. पाणी घालताना त्यांच्या बोटाचं टोक त्यात गेलं, आणि आत काहीतरी कडक लागलं. ते हाड होतं.

"आज आवाज कसा लागला गं?" बुवा वरून विचारत होते. "वरचा षड्ज ऐकलास? तुला काय वाटलं?"

"चांगला लागला," त्या म्हणाल्या. त्यांचं बोट अजून आतच होतं.

अकोल्याला परत येईतो अंगठा काळा पडला होता. दोन दिवसांत काळेपणा घोट्याशी आला, आणि अंगात ताप भरला. बुवांच्या पोटात कण नव्हता; पाण्याशिवाय काही घेत नव्हते. तरी नळी उकळली ती पहिल्या दिवसाहून लाल.

डॉक्टर ओसरीत आले. बाईंकडे न बघता बोलले. "साखरेनं पायाच्या नसा केव्हाच मारल्या होत्या. म्हणून त्यांना पोळलं नाही. मी तेव्हाच हट्ट धरून पाय पाहायले पाहिजे होते."

"पाय कापला तर?"

"कापलेलं भरून येणार नाही, बाई. विष वर चढलं, त्यानंच साखर पुन्हा उसळली." ते वहाणा शोधू लागले, पुढ्यातच असून त्यांना दिसेनात. "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

गोदावरीबाईंनी शिरा केला. तूप हात सोडून घातलं. वाटी घेऊन आत गेल्या तेव्हा बुवांनी आधी वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"शिरा चालेल म्हणाले."

बुवांना सगळं कळलं. त्यांनी वाटी हातात घेतली, नुसती हुंगली आणि खाली ठेवली. मग म्हणाले, "फुलं होती ना गं पायाखाली?"

डॉक्टरांचे शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले होते. तिथून त्यांनी ते मागे घेतले.

"होती," त्या म्हणाल्या. "मी पाहिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवांना ग्लानी आली, तशा त्या उठून देवळात गेल्या. बुवांच्या राहिलेल्या प्रदक्षिणांतली निदान एक तरी आपण घालावी, असं मनात होतं. त्यांनी सावलीतून पाय बाहेर टाकला. तळवा फरशीला लागला तसा चटका थेट मस्तकात गेला. दुसरं पाऊल कसंबसं पडलं. तिसऱ्याला त्या कळवळून भिंतीकडे पळाल्या आणि एवढ्याशा सावलीत अंग चोरून उभ्या राहिल्या.

तिथून गाभाऱ्यामागची फरशी दिसत होती. तिच्यावर घरच्या ओसरीवर उमटत तसेच काळपट ठसे होते. उन्हानं भाजून ते दगडात बसले होते, एकावर एक, सगळ्या देवळाला वळसा घालून.

सहदेव झाडू घेऊन आला. "धुऊन पाह्यलं, बाई. निघून नाई राहिले."

गोदावरीबाई तिथेच खाली बसल्या. आत विठोबासमोर पडदा ओढलेला होता. घरी जायला हवं होतं. बुवांनी डोळे उघडले असतील, आणि वाटीतला शिरा तसाच असेल.