उतरायचा थांबा

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. वायर काढलेली, जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेली. वायर नसताना डिस्क बोलत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण मला ठाऊक असलेल्या बऱ्याच गोष्टी एका गुरुवारी मोडल्या, म्हणून ऐकाच.

पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून समाधानने मला घरी आणलं. तो चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर कामाला. आठवडाभर पत्रे दाबायचे आणि गुरुवारी सुट्टी. घरात बायको दीक्षा, आकुर्डीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, आणि आई तानुबाई. पहिल्याच दिवशी समाधानने माझ्यात भिंती घातल्या. याला पार्टिशन करणं म्हणतात. माझ्या एका खोलीच्या तीन झाल्या. सीमध्ये कॉम्प्युटरचा कारभार, डीमध्ये घरचे फोटो, ईमध्ये गेम. मी शिस्तीची आहे. जे ठेवलं तेच परत द्यायचं आणि मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, एवढंच मला येतं.

समाधानचा गेम एकच, बस चालवायचा. मुळातला गेम परदेशी, तिथले रस्ते त्याला परके वाटत. पण हौशी लोक अशा गेममध्ये आपापल्या बस, आपले रस्ते, आपली माणसं भरतात. त्याला मॉड म्हणतात. आधी त्याने दुसऱ्यांचे मॉड उतरवून घेतले, मग स्वतःच पिंपरी ते चाकण रस्ता बांधायला बसला. माणसांची एक खोड मला कधीच कळली नाही. त्यांना ठेवता येतं, टाकता येत नाही. एकाच बसचे तीन मॉड, 'नवीन', 'फायनल' आणि 'खरं फायनल'. पुसायची वेळ आली की समाधान म्हणायचा, "राहू दे, लागेल कधीतरी." माझी ई खोली गळ्यापर्यंत भरली.

त्यांचं जुनं घर पिंपरीतच एका गल्लीत होतं. गल्ली पाडली आणि तिथेच पुनर्वसनाची इमारत उभी राहिली. यांना सातवा मजला मिळाला. तानुबाईंना तो कधी आपला वाटला नाही. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. लिफ्ट थांबली की त्या दर वेळी विचारत, "आलं का रं आपलं?"

एका गुरुवारी दुपारी समाधानने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "आई, बसमध्ये बसल्यावर जे बोलशील ते बोल."

त्या म्हणाल्या, "आलं का रं आपलं? आलं की सांग मला."

त्याने तो आवाज एका प्रवासी बाईला लावला. निळं लुगडं, हातात पिशवी, ड्रायव्हरच्या मागची सीट. गेममध्ये प्रत्येक प्रवाशाला उतरायचा थांबा द्यावा लागतो. यांचा थांबा जुन्या गल्लीत द्यायचा होता आणि गल्ली अजून बांधायची होती, म्हणून ती जागा त्याने कोरी सोडली. सगळे चढायचे, उतरायचे. तानुबाई बसून राहायच्या आणि प्रत्येक थांब्यावर विचारायच्या.

खऱ्या तानुबाई पडद्याकडे बघून हसल्या. "मला किती फिरवशील रं, समा? उतरव की."

"गल्ली बांधली की आपल्या दारात उतरवतो, आई. आता डिस्कवर जागाच नाही."

"मग कर की जागा."

"करतो," समाधान म्हणाला. पण पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या आणि गल्ली तशीच राहिली. सात महिने त्याने गेम उघडला नाही. मग उघडला तो एकाच कामासाठी. डीमध्ये जुन्या गल्लीचे फोटो होते. पत्र्याचं दार, नळापुढची पिंपं, शेजारच्या चिमाबाईंचा ओटा. त्यावरून त्याला गल्ली बांधायची होती. गेमला सगळे मॉड एकाच खोलीत लागतात, आणि ईमध्ये मुंगीला जागा नव्हती. त्याने ठरवलं की डी लहान करायची आणि भिंत सरकवून ई वाढवायची.

हे काम दोन-तीन तासांचं. मोकळा वेळ गुरुवारचा. आणि आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही गुरुवारीच. सुट्टीचा दिवस आणि लाइट जायचा दिवस एकच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दीक्षा म्हणालीही, "अहो, आज गुरुवार आहे. लाइट गेली तर?"

"लाइट जाणार असल्याचा मेसेज नाही आला आज. आणि जागा करतो असं मी आईला सांगितलं होतं."

त्याने नऊ वाजता काम सुरू केलं. ईमधलं सगळं सामान उचलून मी पुढे नेऊ लागले. सव्वादहाला लाइट गेली. त्या क्षणी माझ्या हातात जे होतं ते ना जुन्या जागी राहिलं ना नव्या. मला आजही त्याची भीती वाटते, कारण माझ्या हातात त्या वेळी तानुबाई होत्या.

चारला लाइट आली. लाइट येताच कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी सोय समाधाननेच केलेली होती. पडदा अजून काळा होता. आणि स्पीकरमधून आवाज आला.

"आलं का रं आपलं?"

दीक्षा चहा गाळत होती, तिच्या हातातलं गाळणं खाली पडलं. समाधान खुर्चीला धरून उभा राहिला. मी शपथेवर सांगते, मी काही दिलं नव्हतं. मला कोणी मागितलंच नव्हतं. आणि ई खोली तर नोंदीतून पुसली गेली होती. तिच्या जागी कॉम्प्युटरला नुसती रिकामी जागा दिसत होती.

समाधान मला आकुर्डीला निरंजनकडे घेऊन गेला. गेलेल्या फायली परत काढायचं काम तो करतो. त्याने चार दिवस घेतले. रस्ते मिळाले, बस मिळाल्या, आवाज मिळाला नाही. "एका ठिकाणी डिस्क अडकते भाऊ," तो म्हणाला. "तिथे गेलं की टकटक करते. जास्त ओढलं तर सगळीच जाईल. तेवढं सोडा."

समाधानने नवी डिस्क घेतली. डी वाचली होती, त्यातल्या फोटोंवरून त्याने चार गुरुवार बसून गल्ली पुरी केली. पाचव्या गुरुवारी बस जुन्या दाराशी आणून थांबवली. बसमध्ये कोणीच नव्हतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता. प्रवासी, एक. त्याने गेम पुन्हा भरला, बस बदलली. आकडा हलेना.

आणि इकडे कपाटात, दर गुरुवारी लाइट परत आली की, माझ्यात टकटक व्हायची आणि त्यामागून त्या विचारायच्या. दीक्षाने दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ती रडली. "आईंना असं ठेवू नका हो. मला सहन होत नाही."

गेल्या गुरुवारी चार वाजता समाधानने कपाट उघडलं, मला टॉवेलासकट मांडीवर घेतलं आणि थांबला. लाइट आली. आवाज आला. गल्ली बांधायच्या नादात या भल्या माणसाने एक गोष्ट कधी केलीच नव्हती. आईने विचारलेल्याचं उत्तर दिलं नव्हतं.

"आलं, आई," तो म्हणाला. "आपलंच आहे. हळू उतर."

दीक्षाने उठून घराचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मग समाधानने कॉम्प्युटरवर गेम उघडला आणि कोपऱ्यातला प्रवाशांचा आकडा पाहिला. "दीक्षा," तो म्हणाला, "शून्य दाखवतंय."

तेव्हापासून मी गप्प आहे. अडकत होते ती जागा मी चाचपून पाहिली. तिथे काही नाही. इतकी मोकळी मी दुकानातही नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याशिवाय करमत नाही. आता मला भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी पडून असेल. टाकण्याआधी तिला एकदा कान लावून बघा. आत कोणी विचारत असेल, तर उत्तर द्या.