माशाची खूण

टक्.

चुलीशेजारच्या टोपलीतून आवाज आला आणि भिंतीला टेकून बसलेल्या अकरा पोरांनी एकदम श्वास रोखला. तांबडी कोंबडी पंख फुगवून बसली होती. आवाज तिच्या पोटाखालचा.

"कुणाचं गं?" दातपडक्यानं कुजबुजत विचारलं.

"गप रे! ते ऐकतंय," माझी लेक म्हणाली.

खरं तर ही पहिलीची पोरं या वेळी शाळेत असायला हवी होती. टोपलीही तिथंच होती, कालपर्यंत. पहिलीच्या बाई एकदा घरी येऊन म्हणाल्या होत्या, "पुस्तकात कोंबडी आहे, पण चित्राला ऊब नसते. तुमची खुडूक झालेली तांबडी द्याल?" अंड्यांवर बसायला ती टपलेलीच होती. अकरा पोरांना अकरा अंडी. प्रत्येकानं कोळशानं आपापली खूण काढली. कुणी चांदणी, कुणी नांगर. माझ्या लेकीनं मासा काढला.

सातव्या दिवशी बाईंनी खिडक्यांना गोणपाट लावलं आणि बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरलं. आत लाल धागे. "आई, माझ्यात मुळं फुटलीत!" ओरडतच लेक घरी आली. त्या दिवसापासून पोरं वर्गात पाय न वाजवता चालायची. मारामारीसुद्धा हलक्या आवाजात.

काल, विसाव्या दिवशी, हेडमास्तरांचं फर्मान निघालं. "उद्या साहेब तपासणीला येणार. शाळा आहे की खुराडं? हलवा ते!"

"सर, एकच दिवस राहिलाय," बाई म्हणाल्या.

"पाठ पुस्तकातनं झाला ना? मग पुरे."

भरली घागर आणावी तशी मी टोपली काळ्या लुगड्याखाली झाकून आणली. वाटेवरची धूळ पायाला पोळत होती. कोंबडी एकदा जरी दचकून उठली असती, तरी वीस दिवस मातीत गेले असते.

आज शाळेची घंटा झाली आणि दारात दातपडक्या, पाठीला दप्तर. मग एकेक करत सगळे. शेवटी बाई, काखेत हजेरीचा कागद. "अंडी जिथं, वर्ग तिथं," त्या म्हणाल्या. पणाला नोकरी त्यांची होती, माझी नव्हे.

टक्. टक्. आणि तेवढ्यात हेडमास्तर, घामानं निथळत.

"साहेब येऊन बसलेत आणि वर्ग रिकामा! उठा रे! चला!"

एकही पोर हललं नाही.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. शिकलेल्या दिसता."

"म्हणूनच सांगते, सर." मी टोपलीसमोर उभी राहिले. "आता गडबड झाली, कोंबडी उठली, तर आतली पिल्लं गारठून मरतील. ही एवढीशी पोरं वीस दिवस थांबली. साहेबांना म्हणावं, तासभर तुम्हीही थांबा. नाहीतर इथं या, पाट देते बसायला."

सासूबाई उंबऱ्यात धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय, मास्तर? तुम्ही तर कोंबडीच झाकायला निघालात."

हेडमास्तर तणतणत टोपली उचलायला वाकले. तांबडीनं मान लांब केली आणि मनगटावर अशी चोच हाणली की ते दोन पावलं मागे. अकराही पोरांनी तोंडावर हात दाबले. पोटं गदगदत होती, पण आवाज नाही. पिल्लं जन्मत होती ना!

"बाई, लेखी जबाब द्यावा लागेल!" एवढं बोलून ते गेले.

साहेब काही आले नाहीत. दुपारी शेरा तेवढा आला. इयत्ता पहिली, पट अकरा, हजर शून्य.

"शून्य?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे एक अंडं साहेबांनीही घातलं."

बाईंच्या जबाबाखाली पहिली सही मी केली. सासूबाईंनी अंगठा उठवला. मग पोरांना न्यायला आलेल्या आयाबायांनी, कुणी सही, कुणी अंगठा. कागद पुरला नाही, पाठपोट भरला.

ऊन कलेपर्यंत दहा पिल्लं बाहेर आली. ओली, चिकट, मग सुकून भुसभुशीत. दातपडक्या आपल्या पिल्लाला आपलं नाव सांगत बसला होता. तांबडी उठली आणि दहाजणांना घेऊन अंगणात निघाली. पोरं रांगेनं तिच्या मागं.

टोपलीत एक अंडं उरलं. त्याच्यावर मासा.

लेक अंगणात गेली नाही. तिनं अंडं दोन्ही तळव्यांत घेतलं, कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग फ्रॉकच्या घेरात गुंडाळलं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आई, मुळं तर मी बघितली होती. होतं ना ते आत? मग कुठं गेलं?"