मोकळं करते, म्हणाली

थोरल्या मुलाने भिरकावलेला पान्हा नर्सबाईच्या कपाळाला चाटून गेला आणि दारावर आदळला. चाटून गेला म्हणून बाई उभी तरी राहिली. सरळ बसला असता तर त्या घरातून एकाऐवजी दोन तिरड्या निघाल्या असत्या.

"माझ्या बापाला मारायला आलीस?" थोरला ओरडला. तेवढ्यावर थांबेल तर तो थोरला कसला! खिडकीतली औषधाची बाटली उचलून त्याने भिंतीवर फोडली. पंधरा दिवस म्हाताऱ्याच्या हाडांतली आग विझवणारं ते औषध भिंतीवरून ओघळत फरशीवर आलं.

म्हातारा आतल्या खोलीत होता. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात हयात गेली, म्हणून सगळे त्याला फिटर म्हणत. कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि दुपारच्या औषधाची वेळ टळून गेली होती. तो ओरडत नव्हता. मानेवर सुरी फिरलेल्या जनावरासारखा घरघरत होता.

फिटरची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. गल्लीत तिला तोफ म्हणत आणि तिला त्याचा अभिमानच होता.

"काय केलंस रे मेल्या?"

"आई, मी माझ्या कानांनी ऐकलं! डॉक्टरला फोनवर सांगत होती, आज यांना मोकळं करूनच जाते म्हणून!"

त्या घरात या शब्दाचा एकच अर्थ होता. चुलता गेला तेव्हा मोकळा झाला म्हणाले, आत्या गेली तेव्हा मोकळी झाली म्हणाले. त्यात हॉस्पिटलने हात टेकले, आता नर्स घरी येऊन बघेल म्हणाले, तेव्हापासूनच थोरल्याच्या डोक्यात किडा वळवळत होता.

"अहो, पोट!" नर्सबाई कपाळ दाबून म्हणाली. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. "पोट मोकळं करायचं म्हणत होते मी. या औषधाने पोट धरतं. पाच दिवस संडास झाली नाही त्यांना."

 तोफेच्या पायातली चप्पल हातात आली. पहिली थोरल्याच्या कानाखाली, दुसरी पाठीत, पुढच्या कुणी मोजल्या नाहीत.

"बापाचं पोट फुगून नगारा झालंय आणि हा निघाला खुनी पकडायला! देव अक्कल वाटत होता तेव्हा चाळणी घेऊन गेला होतास काय रे?"

"त्याला मारून औषध परत बाटलीत जाणार आहे का?" नर्सबाईने विचारलं.

चप्पल थांबली.

नर्सबाईने पिशवी उचलली. तोफ दारात आडवी उभी राहिली. ही गेली तर म्हाताऱ्याची रात्र कशी सरायची? दोन शब्द नरमाईचे बोलायला हवे होते, पण जन्मात कुणापुढे न वाकलेली बाई. 

"चहा टाकू?" एवढंच तिला जमलं.

"चहा नको. धरायला माणसं हवीत. पिशवीत एक इंजेक्शन आहे."

रक्ताळल्या बोटांनी तिने डॉक्टरांना फोन लावला, किती द्यायचं ते विचारून घेतलं.

म्हातारा पिसाळला होता. थोरल्याने पाय धरले तर लाथ छातीत बसली. तोफेने हात धरला तर त्याने तिचं मनगट असं पिरगळलं की बांगडी मासात रुतली. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने एकदाच हात उगारला होता, तेव्हा तिने उलथनं हाणलं होतं. आज तिने मनगट सोडवलंसुद्धा नाही.

"मारून टाका गं मला!"

"मला मारता येत नाही, आजोबा," नर्सबाई सुई भरत म्हणाली. "आयुष्य वाढवताही येत नाही. दुखणं तेवढं काढता येतं. ते काढू द्या."

अर्ध्या तासाने पकड सैल झाली. मग पोटाचं काम निघालं. थोरल्याने बापाला कुशीवर धरून ठेवलं, सगळी घाण स्वतः काढली, नाकाला रुमाल न लावता. फरशी दोनदा पुसली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी ते माणसाचे डोळे दिसत होते. नजर फिरत फिरत नर्सबाईच्या कपाळावरच्या पट्टीवर थांबली.

"पोरी, कोणी मारलं तुला?"

थोरला भिंतीला टेकला. तोंड पांढरंफटक.

"मी," तोफ म्हणाली.

"वाटलंच." म्हातारा धापा टाकत थोडा हसला. "तोंड कमी पडलं म्हणून हात चालवलास? माग माफी. मोठ्याने माग, मला ऐकू यायला हवी."

तोफेने पदर सावरला. सुजलेल्या मनगटाचा हात दुसऱ्याला नीट जुळेना, तरी तिने हात जोडले. "चुकलं, बाई," ती म्हणाली. मोठ्याने.

"असू द्या हो," नर्सबाई पुटपुटली. "झोपले ते. ठेवा हात खाली."

म्हातारा खरंच झोपला होता. तोफेने हात खाली घेतले नाहीत.