चादरीचं दुसरं टोक

चादरीला टोकं चार. माणसाला हात दोन.

खिसे असलेला पांढरा कोट, मुकादमाचा.

"उंटीणबाई, जरा खाली वाका की! आम्ही काय शिडी लावून काम करू?"

डबा खायचा बाक तिघींचा, बसायच्या चौघी. आता तिघी, ऐसपैस.

तर झालं असं, की इस्पितळाच्या धुलाईखान्यात उंटीण मुकादम झाली. उंच म्हणून उंटीण. किती वर्षं झाली, ती आणि बुटकी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत होत्या. ते काम एकटीचं नव्हेच. ओढायचं, झटकायचं, चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं. बुटकीकडची बाजू हमखास जमिनीला टेकायची आणि बुटकी हमखास उंटिणीच्या उंचीला शिव्या घालायची.

सोमवारपासून शिव्या बंद. "मॅडम, साबण संपला." "मॅडम, जाऊ का?" तिला पाहिलं की बाकावरचं हसू गिळलं जायचं. बढती कसली, गोड शब्दांत वाळीत टाकलं होतं. आता दिवसभर उभं राहावं लागत नव्हतं, तरी घरी आल्यावर ती भिंतीला टेकून बसायची. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, "काही नाही, दमले."

शुक्रवारी बुटकीची नवी जोडीदारीण आलीच नाही. ढीग छातीपर्यंत चढला. उंटिणीने कोट खुंटीला अडकवला आणि समोरचं टोक उचललं.

"राहू द्या, मॅडम."

"ओढ."

ओढलं, झटकलं. हातांना काही सांगावं लागलं नाही. चादर जमिनीला टेकली. उंटीण थांबली. शिवी आली नाही.

टोकं जुळवताना ती हळूच म्हणाली, "एकदा उंटीण म्हण गं."

"म्हणते की. आणि उद्या मला उशीर झाला, तू गप्प बसलीस, तर या सगळ्या काय म्हणतील? मैत्रिणीला पाठीशी घालते. तुझी मुकादमी जाईल आणि माझी नोकरी." बुटकीने घडी तिच्या हातातून काढून घेतली. "मॅडम म्हटलं की दोघी सुटतो."

"निदान फाटकाबाहेर तरी?"

"फाटकाबाहेर आपण कधी भेटलोय?"

उंटीण आठवत राहिली. ढीग अजून कमरेएवढा होता.

"पुढची घ्या, मॅडम."

तिने घेतली.

आधीच्या मुकादम मॅडम निवृत्त झाल्या, त्या दिवशी सगळ्यांच्या वतीने त्यांना भेट द्यायला उंटीणच पुढे गेली होती, आणि त्यांचं नाव काय ते तिला माहीत नव्हतं.