पहिल्या पायरीचं काय करायचं

सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची खोली होती, तिथं आष्ट्याची आम्रपाली वर्षाच्या करारावर होती. कराराची मुदत एकोणीसशे नव्याण्णवच्या मे अखेर संपत होती. तिथलं लिनक्सवरचं जुनं मशीन चालवून दाखवलं तर नोकरी कायम, असं विभागप्रमुख वीरधवल सरांनी तिला सांगून ठेवलेलं.

आता हे लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली, काय साधंसुधं नव्हतं. मराठी छापायचा तयार प्रोग्राम त्यात मिळतच नव्हता. प्रोग्रामचं मूळ लिखाण सीडीवरून घ्यायचं आणि आपल्याच मशीनवर घडवायचं. कसं घडवायचं त्याच्या पायऱ्या एका फाईलमध्ये लिहिलेल्या. त्याला जुन्या मशीनवर सात तास लागायचे आणि सांगलीत सलग सात तास लाईट म्हणजे चेष्टाच. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, कारण पहिलीच पायरी होती, आधीचं सगळं पुसून टाका. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी आम्रपाली वैतागली आणि तिनं ती पायरीच काढून टाकली. आता मशीन झालेलं काम तसंच ठेवून पुढं जायचं. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम तयार. बाई खूश झाली, व्हायलाच पाहिजे होती.

शनिवारी संस्थेचे अध्यक्ष आप्पासो, मिलिटरीतून रिटायर झालेला करारी माणूस, परीक्षेचं वेळापत्रक छापून बघायला आले. कागद आला तो अर्धवट. क, त, प उमटलेले आणि य, र, व, स यांच्या जागा कोऱ्या. आम्रपालीला लगेच कळलं. अक्षरांची फाईल तयार होत असताना लाईट गेली होती. फाईल ‘प’पर्यंतच झालेली, आणि मशीननं तीच पुरी समजून पुढची पायरी घेतली होती. पुसायची पायरी असती तर हे झालं नसतं.

वीरधवल सर चटकन म्हणाले की मशीनच जुनाट आहे, नवं घ्यावं लागेल. तिला त्यांनी डोळ्यांनी खुणावलंही. गप्प बसली असती तर नवं मशीन आलं असतं आणि तीही राहिली असती. पण चार दिवस जिवापाड सांभाळलेल्या मशीनला कुणी वाईट म्हणावं, हे तिला सोसवेना.

"मशीन चांगलं हाय, आप्पासो," ती म्हणाली. "चूक माझी हाय. एक पायरी मी काढली, तिथं दुसरी घालायची राहिली."

तिनं ती अर्धी फाईल पुसली, तेवढीच पुन्हा घडवली. चार मिनिटांनी वेळापत्रक जसंच्या तसं आलं. मग तिनं फाईलमध्ये नवी पायरी लिहिली: लाईट गेली असेल तर शेवटची फाईल आधी पुसा.

आप्पासोंनी कागद उजेडात धरून बघितला, घडी घालून खिशात ठेवला.

"मग मशीन ऱ्हाऊ द्या, सर," ते म्हणाले. "माणूस बदला."

सरांनी आम्रपालीला हळूच विचारलं, तुझ्या जागी येणाऱ्या नव्या माणसाला शिकवायला सोमवारी येशील का? आम्रपाली संतापानं बाहेर पडली. तरी सोमवारी ती आष्ट्याच्या पहिल्या एसटीनं आली. नवा माणूस न समजता तिनं लिहिलेली पायरी काढून टाकील, याची तिला धास्ती वाटत होती.