क्लबहाउसच्या भिंतीवरचा पट

मित्रांनो, टेबलावर मांडतात तो बुद्धिबळाचा पट मी नव्हे. मी भिंतीवर टांगायचा, साऱ्या वर्गाला दिसेल एवढा मोठा पट आहे. माझा जन्म करोल बागेत, मोटारींची सीटकव्हरे शिवणाऱ्या दुकानात झाला. त्या वर्षांत दिल्लीच्या रस्त्यांवर नव्या गाड्यांची नुसती रीघ लागली होती. कव्हरे शिवून उरलेल्या हिरव्या-पांढऱ्या रेक्झिनचे तुकडे जोडून कारागिराने मला शिवले. प्रत्येक ओळीवर पारदर्शक पट्टी लावली. तिच्यात पुठ्ठ्याचे हत्ती-घोडे खोचले की मागच्या बाकावरूनही डाव दिसे.

मला शिवून घेतले ते वृंदाबाईंनी. त्या पहाडगंजात गणित शिकवत आणि शाळा सुटल्यावर मुलांना बुद्धिबळ. तिथली मुले हरली की एकमेकांना टपल्या मारत आणि लगेच नवा डाव मांडत. ते माझे सुखाचे दिवस होते.

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे गुडगावला राहायला गेल्या आणि मलाही घेऊन गेल्या. तिथल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मला टांगले. त्याच्या खिडकीतून एकीकडे काचेची ऑफिसे दिसत, दुसरीकडे मोहरीची शेते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून आलेल्या घरांतली मुले बाईंकडे शिकायला येऊ लागली.

"घोडा अडीच घरं चालतो," बाई सांगत.

"अडीच म्हणजे, मॅम?"

"ढाई रे, ढाई!"

त्या मुलांत मयुरा होती. नऊ वर्षांची, बारीक, अबोल. बाईंनी कोडे घातले की ती हात वर करत नसे. उठून माझ्याजवळ येई, टाचा उंचावून सोंगटी नेमक्या घरात खोची आणि जागेवर जाऊन बसे. बाई तिच्याकडे कौतुकाने पाहत राहत.

तिने पहिला कप जिंकला आणि तिचे बाबा, विक्रांत, वर्गात मागे येऊन बसू लागले. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठे अधिकारी होते. मयुरा हरली की घरी जाताना ते तिच्याशी बोलत नसत. तिनेच एकदा हे बाईंना सांगितले, अगदी सहज, जणू सगळ्यांच्या घरी असेच असते.

हिवाळ्यात दिल्लीत मुलांची मोठी स्पर्धा होती. शेवटचा डाव सर्वांना दिसावा म्हणून मला मंचावर टांगले होते. डाव मयुराचा होता आणि तिच्या खेळी माझ्यावर मांडायचे काम बाईंकडे होते. मयुरा सकाळपासून तापलेली होती. दिव्याकडे पाहवत नव्हते म्हणून एका हाताने डोळे झाकून ती खेळत होती. मान तिला वळवता येत नव्हती.

बाई हातातले प्यादे तसेच धरून खाली उतरल्या आणि विक्रांतजवळ गेल्या.

"अहो, पोरीचं अंग पोळतंय. डाव सोडू या. आत्ता डॉक्टरकडे नेऊ."

"क्रोसीन दिलीये, मॅडम. जिंकतेय ती, बघा ना! थोडाच वेळ राहिलाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. डाव खरोखरच मयुराच्या हातात होता. बाई क्षणभर थांबल्या, मग मंचावर आल्या आणि प्यादे माझ्या पट्टीत खोचले.

मयुरा जिंकली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या तिने ऐकल्या की नाही, मला ठाऊक नाही. ती उठली, टेबलाच्या कडेला ओकली आणि तिथेच कोसळली.

तिला मेंदूज्वर झाला होता. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. सकाळीच आणले असते तर कदाचित वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले. हे बाईंनी वर्गात मुलांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझी कड घट्ट धरून ठेवली होती. त्याच संध्याकाळी एका पालकांनी विचारले, "पुढच्या टूर्नामेंटची तयारी कधीपासून?"

थंडी सरल्यावर विक्रांत मयुराला घेऊन आले. त्यांचे डोळे खोल गेले होते.

"मॅडम, हिला परत शिकवा. चेसला कान कुठे लागतात?"

मयुराच्या समोर बसून बाईंनी कागदावर लिहिले, 'तुला खेळायचंय?'

मयुराने ते वाचले. आजवर हे तिला कुणी विचारलेच नव्हते. तिने बाबांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"नको!"

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो फार मोठ्याने आला. शेजारच्या जिममधली माणसेही थबकली. "बेटा, अगं..." विक्रांत बोलू लागले आणि तिला ऐकू जाणार नाही हे आठवून मध्येच थांबले. मग ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. मयुरा दाराशी जाऊन उभी राहिली.

बाईंनी त्यानंतर कधीच वर्ग घेतला नाही. आता मी स्टोअररूममध्ये गुंडाळलेला पडलो आहे. रेक्झिनला भेगा पडल्या आहेत, सोंगट्यांना वाळवी लागली आहे. बाहेर नवे प्रशिक्षक कॉम्प्युटरवर शिकवतात.

मित्रांनो, मला पुसा, दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. एवढेच करा. खेळताना समोरच्या मुलाचा हात थरथरला, डोळे मिटू लागले, तर खेळी करू नका. उठा, मोठ्यांना हाक मारा. ते म्हणतील, थोडाच वेळ राहिलाय. तरी हाक मारा आणि कुणीतरी ऐकेपर्यंत मारत राहा.